घरचे बियाणे आणि पैदासकाराचे स्वामित्वधन : पीकवाण अधिनियमाचे एक परीक्षण

पीकवाण संरक्षण व शेतकरी हक्क अधिनियम, २००१ हा कायदा वाचताना एका शब्दापाशी वाचकाने क्षणभर थांबावे असे मला वाटते. तो शब्द म्हणजे 'रॉयल्टी'. आपल्या शासनव्यवहारात त्यास 'स्वामित्वधन' असे नाव पडले आहे. वाळू, मुरूम, दगड काढणाऱ्याने सरकारात भरावयाची रक्कम म्हणून हा शब्द आपल्या खेड्यापाड्यांस परिचित आहे. बियाण्याच्या बाबतीत त्याचा जगभर रूढ असलेला अर्थ निराळा. ज्याने वाण निपजविले त्यास, त्या वाणाचे बी वापरणाऱ्याने द्यावयाचा मोबदला, हा तो अर्थ होय. आमच्या अधिनियमाच्या ३५ व्या कलमात हा शब्द या रूढ अर्थाने येऊन जातो. परंतु ४५ व्या कलमात, राष्ट्रीय जनुक निधीत कोणकोणत्या रकमा जमा व्हाव्यात हे सांगताना, तोच शब्द उलट दिशेने तोंड करून उभा राहतो. तेथे स्वामित्वधन म्हणून जी रक्कम सांगितली आहे ती शेतकऱ्याने पैदासकारास द्यावयाची नसून पैदासकाराने प्राधिकरणास द्यावयाची वार्षिक फी आहे. मसुदा करणाऱ्याच्या हातून झालेली ही शब्दाची ओढाताण आहे, असे म्हणून पुढे जाणे सोपे आहे. मला मात्र त्यात या कायद्याचा सारा स्वभाव दिसतो, आणि त्याची उणीवही.

प्रस्तुत परीक्षणाचे निमित्त असे, की पीक-पैदाशीच्या अर्थकारणाविषयी आपल्याकडे दोन ठाम मते मांडली जातात. पहिले मत असे : प्रगत देशांत प्रमाणित बियाण्यावर व शेतकऱ्याने घरी राखलेल्या बियाण्यावर जे स्वामित्वधन मिळते त्यातूनच नवे वाण निपजतात, आपला शेतकरी घरच्या बियाण्यावर काहीच देत नाही, म्हणून सोयाबीन, हरभरा, गहू यांच्या पैदाशीस पैसा नाही, सबब आपणही ती पद्धत स्वीकारावी. दुसरे मत असे, की बियाणे हा शेतकऱ्याचा वारसा असून त्यावर एक पैसा मागणे म्हणजे लूट होय. पहिले मत बियाणे-उद्योगाच्या व काही कृषिअर्थशास्त्रज्ञांच्या लेखनात, तर दुसरे शेतकरी चळवळींच्या पत्रकांत वाचावयास मिळते. दोन्ही मतांचे पुरस्कर्ते अधिनियमाचे ३९ वे कलम तोंडपाठ म्हणतात. त्यांनी ४५ वे कलमही तितक्याच काळजीने वाचले असते तर वाद इतका सरळ रेषेत चालला नसता.

प्रथम युरोपातील यंत्रणा थोडक्यात पाहू. इंग्लंडात १९६४ च्या कायद्याने पैदासकाराचा हक्क मान्य झाला. वाणांच्या संरक्षणाविषयीचा आंतरराष्ट्रीय करार त्यापूर्वी १९६१ मध्ये पॅरिस येथे झाला होता. प्रमाणित बियाणे विकणारा व्यापारी दर टनामागे ठरलेली रक्कम पैदासकारास देतो आणि ती बियाण्याच्या किमतीत मिळवून शेतकऱ्याकडून घेतो. हा झाला पहिला प्रवाह. शेतकऱ्याने स्वतःच्या पिकातून राखलेले बी प्रारंभी या हिशेबात नव्हते. युरोपीय समुदायाने १९९४ च्या नियमावलीने व इंग्लंडने १९९७ च्या कायद्याने ते हिशेबात घेतले. घरचे बियाणे पेरण्याची मुभा काही ठराविक पिकांपुरती राहिली आणि त्यावर प्रमाणित बियाण्याहून कमी दराने मोबदला द्यावयाचे ठरले. आपसांत दर ठरला नसेल तेथे निम्मा दर धरावा असा दंडक आहे. इंग्लंडात ही रक्कम गोळा करण्याचे काम पैदासकारांच्या संघटनेकडे आहे. शेतावर येऊन बी साफ करून देणारी फिरती यंत्रे तेथे असतात. ती यंत्रवालेच पुष्कळदा ही रक्कम घेऊन पुढे पोचवितात. अशी ही पद्धत सुबक खरी. पण ती चालते ती शेते मोठी, यंत्रवाले मोजके आणि दप्तर चोख म्हणून.

याच इतिहासातील एक प्रकरण स्वामित्वधनाचे गुणगान करणारे सहसा सांगत नाहीत. केंब्रिज येथील सरकारी पीक-पैदास संस्थेच्या वाणांनी ब्रिटिश गव्हाच्या शेतीचा मोठा भाग व्यापला होता आणि त्यांवरचे स्वामित्वधनही भरघोस येत होते. १९८७ मध्ये सरकारने या संस्थेचा वाण निपजविणारा भाग युनिलिव्हर या कंपनीस ६ कोटी ६० लाख पौंडांस विकून टाकला. मूलभूत संशोधनाचा भाग तेवढा सरकारी आश्रयाने राहिला. ज्या संशोधनास उत्पन्न आहे त्यास गिऱ्हाईकही असते. स्वामित्वधनाने सार्वजनिक संस्था सबळ होतील असे मानणाऱ्यांनी हा विक्रीव्यवहार विचारात घ्यावा.

आता आपल्या अधिनियमाकडे वळू. त्याच्या ३९ व्या कलमातील चौथ्या खंडात शेतकऱ्यास संरक्षित वाणाच्या बाबतीतही बी राखणे, वापरणे, पेरणे, पुन्हा पेरणे, अदलाबदल करणे, वाटून देणे आणि विकणे या गोष्टींचा अधिकार दिला आहे, व तो कायदा येण्यापूर्वी ज्या रीतीने होता त्याच रीतीने राहील असे म्हटले आहे. मर्यादा एवढीच, की संरक्षित वाणाचे नाव दाखविणारी खूणचिठ्ठी लावून, पिशवीत भरून त्याने बी विकता कामा नये. ही सात क्रियापदे मोजून घेण्यासारखी आहेत. युरोपीय नियमावलीत पहिल्या चारांची मुभा आहे आणि तीही मोबदल्यासह. शेवटच्या तिहींस तेथे थारा नाही. आपल्या विधिमंडळाने सातही मान्य केली, ती बिनमोबदला. पूर्वीच्या रीतीचा जो उल्लेख आहे तोही अर्थपूर्ण होय. आमच्या खेड्यांत बियाण्यावर मोबदला द्यावयाची रीत मुळीच नव्हती असे मात्र कोणी समजू नये. गरजू कुणबी पेरणीच्या वेळी सावकाराच्या पेवातून वाढीदिढीने धान्य उचलीत असे आणि सुगीत सवाईने वा दिढीने परत करीत असे. पण ती वाढ धान्याच्या उसनवारीवरची होती. वाणाच्या गुणावर मालकी सांगून कोणी कधी काही मागितले नव्हते. मालदांडीचे कणीस ज्याला आवडले त्याने ते शेजाऱ्याकडून मागून घ्यावे आणि आढ्याला टांगून ठेवावे, हाच व्यवहार होता. अधिनियमाने त्यास कायद्याचे कवच दिले, हे योग्यच झाले. या बाबतीत माझे मत निःसंदिग्ध आहे.

प्रश्न पुढचा आहे. शेतकऱ्याचे देणे काढून घेतल्यावर पैदाशीचा खर्च कोण देणार, या प्रश्नाचे उत्तर अधिनियमात शोधू गेल्यास वाचकाच्या हाती काय लागते? २८ व्या कलमाने पैदासकारास बी निर्माण करण्याचा व विकण्याचा अनन्य हक्क मिळतो. पिकांच्या बाबतीत तो जास्तीत जास्त १५ वर्षे, वृक्ष व वेली यांच्या बाबतीत १८ वर्षे टिकतो. त्या हक्काच्या बळावर तो बियाणे-कंपन्यांकडून परवान्याचे पैसे घेऊ शकतो. दुसरीकडे ३५ व्या कलमान्वये त्याने प्राधिकरणास वार्षिक फी द्यावयाची. २००९ साली ठरविलेल्या दरांत नव्या वाणासाठी एका ठोक रकमेखेरीज बियाण्याच्या विक्रीच्या ०.२ टक्का व मिळालेल्या स्वामित्वधनाच्या १ टक्का असा हिशेब होता. ही फी राष्ट्रीय जनुक निधीत जाते. आणि निधीचा विनियोग? लाभांशाचे वाटप, समुदायांची नुकसानभरपाई, जनुकसंपत्तीचे जतन, त्यासाठी पंचायतींस सामर्थ्य देणे आणि लाभ-वाटपाच्या योजना. ही सर्व कामे चांगली आहेत. पण नवे वाण निपजविणे हे त्यांत कोठेच नाही. म्हणजे कायदा पैदासकाराकडून जुन्या वाणांच्या रक्षणासाठी घेतो, शेतकऱ्यास घरच्या बियाण्याची सूट देतो आणि जे पीक घरच्या बियाण्यावरच उभे आहे त्याच्या पुढच्या वाणाची तरतूद मात्र कोणाकडेच सोपवीत नाही. ४५ व्या कलमातील त्या उलट्या शब्दात मला कायद्याचा स्वभाव दिसतो असे वर म्हटले ते या अर्थाने. हा कायदा घेतले आणि दिले यांचा जुना हिशेब मिटवितो. उद्याच्या बियाण्याचा विचार त्यात नाही.

ही उणीव कितपत खोल आहे हे महाराष्ट्रातील सोयाबीनवरून दिसेल. या पिकाखाली राज्यात आता ४० लाख हेक्टरांहून अधिक क्षेत्र आहे. हेक्टरी ७५ किलो बी हे प्रमाण धरले तर ४० लाख हेक्टरांस ३० लाख क्विंटल बियाणे लागते. कापसाचे बी एकरास पिशवीभर, म्हणजे अर्ध्या किलोच्या आसपास पुरते. सोयाबीनचे एकरास ३० किलो लागते. इतके बोजड, इतके जागा व्यापणारे आणि उगवणशक्ती लवकर गमावणारे बियाणे दरवर्षी नव्याने विकत देणे कोणत्याही संस्थेच्या आवाक्याबाहेरचे आहे. त्यातून हे पीक स्वपरागित. दाण्यातून पुन्हा तेच वाण येते. हेक्टरी १५ क्विंटल पीक आले तर एका किलोचे वीस किलो होतात. यंदा एक एकर पेरणाऱ्यास पुढील साली वीस एकर पेरता येतील इतके बी घरात पडते. म्हणून कृषिखातेच सांगते, की प्रमाणित बियाणे एकदा घ्यावे आणि त्याचे उत्पन्न पुढे दोन हंगाम बियाणे म्हणून वापरावे. बियाणे-बदलाचे प्रमाण अशा पिकांत ३५ टक्क्यांच्या आसपास असावे हा जो संकेत आहे त्याचे मूळ या तीन वर्षांच्या हिशेबात आहे. २०१९ च्या परतीच्या पावसाने बियाण्याचे पीक भिजले, २०२० च्या खरिपात उगवण न झाल्याच्या तक्रारींचा पाऊस पडला आणि त्यानंतर तर खात्याने घरचे बियाणे राखण्याची मोहीमच हाती घेतली. ओल्या गोणपाटात शंभर दाणे गुंडाळून ठेवावेत, सत्तर उगवले तर नेहमीच्या प्रमाणाने पेरावे, कमी उगवले तर बी वाढवावे, हा धडा गावोगाव दिला गेला. अर्थात शासनाचा एक हात प्रमाणित बियाण्याच्या विक्रीतून पैदाशीस पैसा मिळावा म्हणतो आणि दुसरा हात घरच्या बियाण्याची उगवणचाचणी शिकवितो. शेतकऱ्याच्या दृष्टीने दुसरा हातच खरा हितकर्ता आहे.

अशा पिकात स्वामित्वधनाचे गणित कसे बसावे? ३० लाख क्विंटलांपैकी फार तर तिसरा हिस्सा विक्रीच्या वाटेने जाणार. त्यातही १९९४ साली जबलपूरच्या विद्यापीठाने प्रसारित केलेले जेएस ३३५ यासारखे जुने वाण वर्षानुवर्षे मोठ्या क्षेत्रावर टिकून राहिले. अधिसूचित जुन्या वाणाचा हक्क अधिसूचनेपासून १५ वर्षांत संपतो, तेव्हा त्यावर काही मिळण्याचा प्रश्नच उरत नाही. खाजगी कंपन्यांनी सोयाबीनच्या पैदाशीकडे पाठ फिरविली असेल तर त्यांस दोष देण्यात अर्थ नाही. त्यांचा ओढा संकरित वाणांकडे आहे, कारण संकरिताचे बी घरी राखले तर पुढच्या पिढीत त्याचे गुण फुटून जातात. जे काम इंग्लंडात कायदा आणि फिरती यंत्रे मिळून करतात ते येथे निसर्ग फुकट करतो. १९६४ साली संकरित ज्वारीचे पहिले वाण आले आणि त्याच साली जालन्यास बद्रीनारायण बारवाले यांनी आपली बियाणे-कंपनी काढली. हा केवळ योगायोग म्हणावयाचा, तरी बियाण्याच्या खाजगी धंद्याचा पाया कोणत्या जमिनीवर घातला गेला हे त्यावरून उमजते.

कापसाची कथा येथे ओझरतीच सांगतो. २००२ मध्ये बीटी कापसास परवानगी मिळाली आणि बियाण्याच्या पिशवीत गुणमूल्य नावाचे स्वामित्वधन शिरले. ते इतके चढले, की सरकारांना किमती बांधाव्या लागल्या; महाराष्ट्राने २००९ मध्ये त्यासाठी स्वतंत्र कायदाच केला. केंद्राच्या आदेशाने पिशवीमागील गुणमूल्य २०१६ मध्ये ४९ रुपये, २०१८ मध्ये ३९, २०१९ मध्ये २० आणि २०२० मध्ये शून्य झाले. २००९ नंतर एकाही नव्या बीटी गुणास परवानगी मिळालेली नाही. या दोन गोष्टींत कार्यकारणभाव किती, यावर मतभेद आहेत आणि परवानगीच्या धोरणाचाही त्यात मोठा वाटा आहे. मला एवढेच दाखवावयाचे आहे, की बियाण्याच्या पिशवीवर बसविलेले स्वामित्वधन आपल्या राज्यव्यवहारात शेवटी किंमत-नियंत्रणाचा विषय होते. पेरणीच्या तोंडावर, हातात पैसा नसताना, ज्या वस्तूची किंमत द्यावयाची त्या वस्तूवरचा कोणताही आकार लोकप्रतिनिधींस सोसवत नाही. सोसवू नये, असेही म्हणता येईल.

युरोपीय पद्धत जशीच्या तशी उचलावी म्हणणाऱ्यांनी तिच्यातील एक पोटकलम वाचलेले दिसत नाही. तेथे लहान शेतकऱ्यास घरच्या बियाण्यावर काहीच द्यावे लागत नाही. आणि लहान कोण, तर ज्याच्या जमिनीत ९२ टन तृणधान्य पिकण्याइतके क्षेत्र नाही तो. महाराष्ट्रात २०१५-१६ च्या कृषिगणनेप्रमाणे सरासरी धारणक्षेत्र १.३४ हेक्टर होते. पण सरासरीची गोष्ट सोडून देऊ. आपल्या कमाल धारणा कायद्याने कोरडवाहू जमिनीची मर्यादा ५४ एकर, म्हणजे सुमारे २१.८५ हेक्टर ठरविली आहे. बारमाही पाण्याच्या जमिनीची १८ एकर, म्हणजे सुमारे ७.२८ हेक्टर. बागायतीत हेक्टरी ५० क्विंटल गहू धरला तरी ७.२८ हेक्टरांत ३६ टनांच्या वर जात नाही. कोरडवाहूत हेक्टरी दीड टन म्हटले तर २१.८५ हेक्टरांत ३३ टन. म्हणजे कायद्याच्या मर्यादेत राहणारा आमचा मोठ्यात मोठा बागायतदारसुद्धा युरोपीय फुटपट्टीने लहान शेतकरीच ठरतो आणि सूट मिळवितो. ज्या पद्धतीत संपूर्ण महाराष्ट्र सवलतीच्या सदरात पडतो ती पद्धत आणून पैदाशीस किती पैसा मिळणार? हा हिशेब एका पानावर मावतो. तो न करताच एवढी चर्चा व्हावी याचे आश्चर्य वाटते.

आता दुसऱ्या मताकडे पाहू. शेतकऱ्याचा बियाण्यावरील हक्क पूर्णपणे मान्य केला, की पैदाशीचा प्रश्न उरत नाही असे जे गृहीत धरले जाते, ते चंद्रपूर जिल्ह्यातील एका माणसाच्या चरित्राने खोटे ठरते. नागभीड तालुक्यातील नांदेड या गावचे दादाजी रामाजी खोब्रागडे यांनी १९८३ साली आपल्या भातात निराळ्या दिसणाऱ्या ओंब्या हेरल्या, त्यांचे बी वेगळे राखले, वर्षानुवर्षे निवडले आणि बारीक दाण्याचे एक वाण निपजविले. घड्याळाच्या छापावरून त्यास एचएमटी हे नाव पडले आणि ते विदर्भाबाहेर दूरवर पसरले. पुढे विद्यापीठाने १९९८ मध्ये त्याचे शुद्ध केलेले रूप पीकेव्ही-एचएमटी या नावाने प्रसारित केले, तेव्हा श्रेयाचा वाद उभा राहिला. खोब्रागडे यांस पुरस्कार मिळाले, अधिनियम आल्यावर त्यांच्या वाणांची नोंदही झाली. पण जून २०१८ मध्ये ते वारले ते गरिबीतच. येथे कायद्यातील खरी अडचण उघडी पडते. ज्या सात क्रियापदांनी खोब्रागडे यांचे शेतकरी म्हणून रक्षण केले, त्याच सातांच्या बळावर त्यांचे शेजारी व शेजाऱ्यांचे शेजारी ते बी राखू, वाटू आणि विकू शकले. त्यांत गैर काही नव्हते. परंतु एकाच माणसास शेतकरी म्हणून सर्व काही द्यावयाचे आणि पैदासकार म्हणून काहीच मिळू द्यावयाचे नाही, ही अधिनियमाची फलश्रुती झाली. सोलापूरजवळच्या नान्नज येथील नानासाहेब काळे यांनी निवडलेल्या सोनाका व शरद सीडलेस या द्राक्षवाणांच्या काड्याही अशाच हातोहात पसरल्या. द्राक्षाच्या बाबतीत आता परदेशी वाणांसाठी झाडामागे परवाना-रक्कम मोजावयास आमचे बागायतदार तयार झाले आहेत. हा बदल स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे.

मग आज हा खर्च कोण देत आहे? उत्तर पुण्यातच मिळते. शंकर पुरुषोत्तम आघारकर यांनी १९४६ साली महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी स्थापिली. १९९२ पासून ती आघारकर संशोधन संस्था म्हणून ओळखली जाते. बारामती तालुक्यातील होळ येथील तिच्या प्रक्षेत्रावर गहू व सोयाबीन यांची पैदास होते. कोरेगाव तालुक्यातील करंजखोप येथील शेतकऱ्यांनी तिचा एमएसीएस ६४७८ हा गहू घेऊन चांगले उत्पन्न काढले. तिने निपजविलेले व २०२१ मध्ये जाहीर झालेले एमएसीएस १४०७ हे सोयाबीनचे वाण आसाम, बंगाल, झारखंड, छत्तीसगढ व ईशान्येकडील प्रदेशांस योग्य ठरले आहे. या संस्थेचा मुख्य आधार केंद्र सरकारच्या विज्ञानखात्याचे अनुदान हा आहे. तिच्या गव्हाचे बी करंजखोपच्या शेतकऱ्याने पुढील साली घरचे म्हणून पेरले तर तो काही चुकवीत नाही, कारण त्याने कररूपाने आपला वाटा आधीच दिलेला असतो. आसामच्या शेतकऱ्यानेही दिलेला असतो. सार्वजनिक पैदाशीचे हे तत्त्व मला स्वामित्वधनाच्या तत्त्वाहून श्रेष्ठ वाटते. मात्र ते उच्चारून दाखवावयास हवे होते. अधिनियमाने शेतकऱ्यास जी सूट दिली तिची भरपाई तिजोरीने करावी, असा एक खंड ४५ व्या कलमात घालता आला असता. तो घातला नाही, त्यामुळे अनुदान ही कृपा राहिली. देणे झाले नाही.

तिजोरीखेरीज दुसरा मार्ग नाहीच असेही नाही. आणि त्याचा नमुना युरोपात नव्हे, तर पुणे शहरालगत मांजरी येथे आहे. ऊस हे तर घरच्या बेण्याचे पीक. कांडी लावली की तेच वाण उगवते, तेव्हा बेण्यावर स्वामित्वधन घेण्याची कल्पना कोणास सुचली तरी ती वसूल होणे अशक्य. सहकारी साखर कारखान्यांनी १९७५ साली मांजरीस संशोधनसंस्था स्थापन केली, ती आज वसंतदादा साखर संस्था म्हणून प्रसिद्ध आहे. तिच्यासाठी गाळलेल्या उसाच्या दर टनामागे १ रुपया वर्गणी कारखान्यांकडून घेतली जाते. चांगल्या हंगामात राज्यात १००० लाख टनांच्या आसपास गाळप होते, म्हणजे १० कोटी रुपये होतात. बेणे कोणाचे, कोठून आणले, हे कोणी विचारीत नाही. पीक कारखान्याच्या काट्यावर आले की रुपया वेगळा निघतो. ऑस्ट्रेलियात गव्हावर १९९६ पासून नेमके हेच तत्त्व वापरात आहे. तेथील शेतकरीही बहुतांश बी घरचेच पेरतो, म्हणून त्यांनी स्वामित्वधन बियाण्यावरून उचलून विक्रीस आलेल्या धान्यावर ठेविले. फरक एवढाच, की तेथे रक्कम ज्याचे वाण त्या पैदासकारास जाते, मांजरीस ती संस्थेच्या समाईक कामास जाते. आमच्या कृषिअर्थशास्त्राच्या वर्गांत ऑस्ट्रेलियाचे उदाहरण नवलाई म्हणून शिकविले जाते आणि मांजरीचे कोणी शिकवीत नाही.

सोयाबीनला हा नमुना लागू पडेल काय? पडेल असे मला वाटते, आणि त्याचे कारण या पिकाच्या स्वभावात आहे. ज्वारी, गहू, तूर यांचा मोठा हिस्सा घरी खाल्ला जातो. सोयाबीन कोणी दळून भाकरी करीत नाही. ते जवळजवळ सगळे तेलगिरणीच्या दारी जाते. उसाला काटा तसा सोयाबीनला गिरणीचा दरवाजा आहे. ४० लाख हेक्टरांवर हेक्टरी १२ क्विंटल धरले तर ४८० लाख क्विंटल माल होतो. क्विंटलमागे १ रुपया गिरणीच्या दारात घेतला तर ४ कोटी ८० लाख रुपये उभे राहतात. अलीकडे क्विंटलला चारपाच हजारांच्या घरात भाव असलेल्या मालावर हा भार नगण्य आहे. गिरणीवाला तो भावातून कापून शेतकऱ्यावरच टाकील, हा आक्षेप मला मान्य आहे. परंतु हा रुपया पेरणीच्या वेळी नव्हे, पैसा हातात येताना जातो, पीक बुडाले तर जात नाही, आणि घरात राखलेल्या बियाण्यास तो लागतच नाही. ३९ व्या कलमातील सातही क्रियापदे अबाधित राहतात. कणगीत काय आहे हे पाहावयास कोणीही घरात शिरत नाही.

दोन अडचणी मात्र गंभीर आहेत. कारखाना सहकारी असतो, ऊस-उत्पादक त्याचा सभासद असतो, म्हणून त्या रुपयाचा हिशेब निदान तत्त्वतः तरी त्यास विचारता येतो. तेलगिरणी खाजगी आहे आणि तिच्या दारात शेतकरी नव्हे, व्यापारी उभा असतो. तेव्हा निधीवर उत्पादकांचे प्रतिनिधी बसविल्यावाचून हा रुपया घेणे न्याय्य होणार नाही, आणि तो कोणत्या केंद्राच्या कोणत्या कामास गेला याचे वार्षिक पत्रक बाजारसमितीच्या फलकावर लागले पाहिजे. दुसरी अडचण अशी, की वर्गणी ज्या पिकावर गोळा होते त्याच पिकाच्या संशोधनास ती लागते. उसास आहे, सोयाबीनला होऊ शकेल, कदाचित हळदीलाही. पण सोलापूर व मंगळवेढ्याकडची रब्बी ज्वारी कोणत्या दारातून जाते? मोहोळच्या प्रक्षेत्रावर स्थानिक मालदांडीतून निवडलेली ३५-१ ही ज्वारी किती दशके लोटली तरी तिकडच्या काळ्या रानात पेरली जाते, घरी भाकरीस आणि गुरांना कडब्यास. तिचे बी कणसातून निवडून राखले जाते, म्हणून प्रमाणित बियाण्याचे स्वामित्वधन नाही. ती बाजारात थोडकी येते, म्हणून काट्यावरचा रुपया नाही. तिच्या संकरिताचा बाजारही खाजगी कंपन्यांनी भरवलेला नाही. तिच्या पुढील वाणासाठी सरकारी तिजोरीवाचून दुसरे दार मला दिसत नाही.